सासूबाईंच्या नावाची बंदूक

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा बागबाजारच्या आमच्या घरात एक दुनळी बंदूक होती. ती सासऱ्यांची. बजबजच्या तेलाच्या डेपोत आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. घरात मांस-मासळी शिजत नसे, मग बंदूक कशाला, असं मनात यायचं. पण नव्या सुनेनं ते विचारावं अशी काही ती वस्तू नव्हती. थंडीत रविवारी सकाळी ते गच्चीवर सतरंजी टाकून बसत आणि बंदुकीला तेल लावत. गंगेवरून आलेलं धुकं अजून गच्चीवर रेंगाळत असे आणि त्या धुक्यात तेलाचा वास मिसळत असे. शेजारचे बंगाली लोक आम्हाला हसत हसत ‘बर्गी’, म्हणजे लुटारू मराठे स्वार, म्हणायचे. मराठ्यांच्या घोडेस्वारांना अडवायला त्यांच्या पूर्वजांनी खणलेला खंदक आमच्याच भागातून सुरू व्हायचा. त्याच्या तोंडाशी आता एक मराठी पेन्शनर बंदूक पुसत बसलेला, याची त्यांना भारी गंमत वाटे.

फाळणीनंतरच्या त्या वर्षांत, एका माघात, सासरे झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर आमचे हे म्हणाले की आता बंदूक सरकारजमा करून टाकू. ह्यांची नोकरी एस्प्लनेडला बँकेत, रजा संपत आलेली. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं. एके दिवशी सासूबाईंनी स्वतःच बंदुकीची पेटी जुन्या धोतरात गुंडाळली, उरलेली काडतुसं पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.” माणसानं ओढायच्या रिक्षात आम्ही दोघी बसलो. आमच्या मांडीवर ती लांबट पेटी आडवी. मला उगीच वाटत राहिलं की आपण कुणाला तरी निजवून नेतो आहोत.

ठाण्यातला अधिकारी उतारवयाचा, मऊ बोलणारा होता. सासूबाईंचा जन्म कलकत्त्याचाच, त्यांचं बंगाली माझ्या मराठीइतकं सहज. त्यांना तो ‘मासीमा’, मावशी, म्हणू लागला. त्यानं समजावून सांगितलं की लायसन्स हे माणसाच्या नावाचं असतं, माणूस गेला की तेही संपतं. बंदूक वारसांचीच राहते, पण लायसन्स नसताना ती घरात ठेवणं गुन्हा. म्हणून ती इथे जमा राहील. मग घरातल्या कुणी स्वतःच्या नावावर लायसन्स काढावं, नाहीतर परवानगी घेऊन लायसन्स असलेल्या दुसऱ्या कुणाला ती विकावी, नाहीतर सरकारला कायमची देऊन टाकावी.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “वारस बायको असली तर चालतं?”

कायद्यात तसं काही आडवं येत नाही, असं अधिकारी म्हणाला. फक्त त्याच्यासमोर आजवर कुणी विधवा बाई हे विचारायला आली नव्हती.

हे ऐकल्यावर घरी ह्यांना हसावं की रागवावं ते कळेना. आईच्या मनावर परिणाम झाला असावा असं ते मला हळूच म्हणाले. सासूबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्याशी मात्र बोलल्या, दोन-तीन दिवसांनी, गच्चीवर सांडगे घालताना.

डेपोतले साहेब लोक शिकारीला जायचे. त्यांच्या आग्रहावरून सासऱ्यांनी हौसेनं बंदूक घेतली आणि लायसन्स काढलं. पहिल्याच खेपेला त्यांच्या हातून एक बदक अर्धवट जखमी झालं. ते पाण्यात फडफडत राहिलं. घरी येऊन सासरे दोन दिवस जेवले नाहीत. पुन्हा पाखरावर नेम धरला नाही. पण बंदूक विकवेना. मग कधीतरी रविवारी ते आणि सासूबाई असे दोघंच बजबजला, ज्यूटच्या गिरण्यांच्या पलीकडे, लव्हाळ्यात दडलेल्या एका तळ्यावर जाऊ लागले. रिकामे डबे पाण्यात सोडायचे आणि त्यांवर नेम धरायचा.

“त्यांचा नेम यथातथाच,” सासूबाई म्हणाल्या. “माझा बरा होता. मोठ्यानं हसायचे नाहीत ते कधी. पण माझा डबा उडाला की हसायचे.”

बोलताना त्यांचा हात सांडग्यांवर चालूच होता. मी बघत राहिले. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून लव्हाळ्यात उभ्या असलेल्या तरुण सासूबाई मला दिसू लागल्या. इतकी स्पष्ट, की आज मागे वळून पाहते तेव्हा ते मी ऐकलेलं आहे की पाहिलेलं, याची खात्री देता येत नाही.

अर्ज गेला. चौकशीला माणूस घरी येऊन गेला, शेजाऱ्यांशी बोलून गेला. बंदूक कशासाठी हवी, या प्रश्नाला बहुतेक लोक संरक्षणासाठी म्हणून लिहितात. सासूबाईंनी ‘नेमबाजीसाठी’ असं सांगितलं. बंदूक हाताळता येते का ते बघायला ठाण्यात बोलावलं, तेव्हा त्यांनी तिचे तुकडे जोडले, ती मधल्या बिजागरीवर वाकवून उघडली आणि नळ्या खिडकीकडे रोखून डोळा लावला. आत काही अडकलंय का ते बघायला एक क्षण पुरतो. त्या कितीतरी वेळ बघत होत्या. खिडकीबाहेर शिरीषाचं झाड होतं, त्याचा हिरवा उजेड त्या नळीतून त्यांच्या गालावर पडला होता. अधिकाऱ्यानं त्यांना घाई केली नाही.

पावसाळा संपता संपता लायसन्स आलं. बंदूक बजबजला नेता येईल, हे सासूबाईंनी आधीच विचारून ठेवलं होतं. थंडी पडल्यावर एका सकाळी आम्ही दोघी सियालदाहून बजबजच्या गाडीत बसलो. फलाटावर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं चटया अंथरून राहत होती, त्यांच्या चुलींचा धूर आणि इंजिनाचा धूर एकच झाला होता. पुढे सगळं धुकंच. स्टेशनं येत आणि विरघळून जात.

तळं होतं तिथेच होतं, थोडं आटलेलं. सासूबाईंनी घरून आणलेला तुपाचा रिकामा डबा पाण्यात सोडला. तो डुलत डुलत मध्याकडे गेला. पहिला बार चुकला. लव्हाळ्यातून बगळ्यांचा थवा उठला आणि धुक्यात पांढऱ्यात पांढरा होऊन नाहीसा झाला. दुसरा बार बसला. डबा कलंडला, सावकाश भरला आणि बुडाला. आवाज मात्र पलीकडच्या काठावरून परत येत राहिला.

“हात लाव,” त्या म्हणाल्या. “नळी गरम आहे बघ.”

मी हात लावला. लायसन्सवर माझं नाव नव्हतं, पण तिथे विचारायला कुणी नव्हतं. नळीची ऊब मांजराच्या पाठीसारखी होती. सासूबाई खांदा चोळत काठावर बसून राहिल्या, ऊन वर येईपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात त्या बंदूक घेऊन पुन्हा ठाण्यात गेल्या आणि ती सरकारला कायमची द्यायची आहे असं म्हणाल्या. इतके खेटे घालून, इतकी चौकशी सोसून मिळवलेली वस्तू परत का करता, असं अधिकाऱ्यानं विचारलं.

“तेव्हा ती त्यांची होती,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांची वस्तू मी कशी देऊ? आता माझी आहे, म्हणून देता येते.”

त्यानं मान खाली घातली आणि पावती लिहायला घेतली. बंदुकीचं पुढे काय होईल, असं त्यांनी विचारलं. त्याला नक्की माहीत नव्हतं. बहुधा तोडून टाकतील, असं तो म्हणाला. त्यावर सासूबाईंनी फक्त “बरं” म्हटलं.

त्या दुपारी त्या गाढ झोपल्या, दिवेलागणीपर्यंत. हे बँकेतून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तळ्याचं, डब्यांचं, नेमाचंही. ते बूट न काढता पायरीवरच बसले. लहानपणी रविवारी त्यांना शेजारच्या काकूंकडे ठेवून आईबाबा कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी ओल्या गवताचा वास घेऊन परत यायचे. देवाला जातात, असं काकू सांगायच्या, आणि ह्यांनी ते इतकी वर्षं खरं मानलं होतं.

“आईचा नेम खरंच चांगला होता?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या बाराला बसला,” मी म्हणाले.

मग ते उठून आत गेले आणि सासूबाई झोपल्या होत्या तिथे, त्यांच्या पायांशी, दिवा न लावता बसून राहिले.