तीन हारांची गळती

कोपरखैरण्यातल्या नामा पाटलाच्या गॅरेजला पाटी नव्हती. पत्र्याची शेड, तेलानं काळी झालेली जमीन आणि दारात एक मोडका स्टूल, एवढाच थाट. पाटी होती ती वाशीला, त्याच्या साडूच्या, म्हणजे विपुलच्या गॅरेजवर. तीही आत दिवे असलेली. वाशीला काही काम नसलं तरी नामा स्कूटर त्याच रस्त्यानं न्यायचा. घरी आल्यावर बायकोला सांगायचा, "गोजरे, त्याच्या पाटीतला एक दिवा गेलाय." त्या दिवशी तो एक भाकरी जास्त खायचा.

साडू म्हटला की जळफळाट ठरलेलाच. सासुरवाडीला जेवायला बसलं की पापलेटाचा मधला तुकडा विपुलच्या ताटात आणि शेपटी नामाच्या. चांगुणाबाई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "हाताला लागला तो वाढला." चार वर्षं त्यांच्या हाताला हे असंच लागत होतं.

दसऱ्याला ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांची पूजा दोघांच्याही दारात व्हायची. विपुल गाडीला झेंडूचा एक हार घालतो, हे कळल्यापासून नामा तीन घालायचा. बॉनेटवर दोनच मावायचे, मग तिसरा समोरच्या काचेच्या पायथ्याशी. हार गोजराच ओवायची, माहेरून आणलेल्या जाळ्याच्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यात. तुटायचं नाव नको.

एका कामात मात्र नामाचा हात विपुललाच काय, कोणालाच धरता आला नसता. गाडीच्या आत पाणी कुठून शिरतं, ते शोधण्यात. वडील मिठागरावर होते. खेकडा बांधाला भोक पाडतो एकीकडे आणि पाणी डोकं काढतं दुसरीकडे, हे त्यानं पोरपणी पाहिलेलं. "पानी दिसतं तिथून येत नाय," हे त्याचं एकुलतं एक शास्त्र. पायाखालची मॅट काढायची, पत्रा कोरडा पुसायचा, त्यावर गोजराची अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. गोजराला बॅटरी देऊन आत बसवायचं. मग बाहेरून पाइपची बारीक धार, खालून वर, एकेक जागा धरून. पावडरीत ओली रेघ उमटली की गोजरा काच ठोकणार.

सत्त्याण्णव साली दसऱ्यानंतर परतीचा पाऊस दोन दिवस दणकून पडला आणि सुधीर टिपणिसांच्या गाडीत तळं झालं. टिपणीस सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या शब्दावर सोसायटीतल्या अकरा गाड्या नामाकडे येत. पण त्या दिवशी ते होते वाशीत, म्हणून गाडी विपुलकडे गेली. विपुलनं जोरदार फवाऱ्यानं सगळी गाडी भिजवली, काचेच्या रबराला सील भरलं आणि परत दिली. चार दिवसांनी पुन्हा सर आली आणि पुन्हा तळं.

टिपणीस वाशीला गेल्याची बातमी तोवर नामाला लागली होती. आठवडाभर तो एक भाकरी कमीच खात होता.

रविवारी टिपणीस पत्नी नंदिनीताईंना घेऊन आले. मागोमाग मोटरसायकलवर विपुल. "माझं कुठं चुकलं ते बघायचंय, नामादादा," तो म्हणाला. हे तर फारच झालं. शत्रूनं निदान तिरसट असावं.

"माझ्या बाजूला चपला तरंगतात हो," नंदिनीताई म्हणाल्या. "एवीतेवी पाणी आहेच, तर मी मासे सोडते."

टिपणिसांनी थेट सांगितलं, "जो शोधेल, त्याच्याकडे सोसायटीच्या अकरा गाड्या."

नामानं पाइप उचलला. चाकाच्या आतली बाजू, कोरडी. दाराची खालची कड, कोरडी. काचेचं रबरही कोरडं, म्हणजे विपुलचं काम चोख होतं, याचंही नामाला वाईट वाटलं. मग धार काचेच्या पायथ्याच्या जाळीवर आली. बाहेरची हवा आत घेतात ती जाळी. मिनिटभरात गोजरानं काच ठोकली.

"आलं! हवेच्या भोकातून उतरतंय!"

जाळीखाली पन्हळ असते. तिच्यातून पाणी खाली वाहून जातं; ती तुंबली की हवेच्या भोकातून आत. नामानं जाळी काढली आणि पन्हळीच्या भोकात बोट घातलं. एक काळपट, कुजका बोळा निघाला. त्यात पिवळं काहीतरी. आणि त्यातून लोंबणारा हिरवा दोरा.

नामाची मूठ आपोआप मिटली.

"काय आहे?" टिपणिसांनी विचारलं.

विपुलनं दोरा पाहिला होता. तोच दोरा त्याच्याही घरात होता, बहिणीबहिणींनी एकाच बापाकडून आणलेला. तो अगदी सहज म्हणाला, "झाडाचा पाला असेल, साहेब. गाडी झाडाखाली लावता ना?"

नामा वाचला होता. फक्त मान हलवायची होती. पण विपुलनं आपल्याला वाचवावं? शेपटी खाल्ली ती खाल्ली, आता ही दयाही खायची?

"पाला कसला!" तो ओरडला. "झेंडू हाय! माझा हार हाय! तीन घातले होते, तीन!"

गोजरा आतून म्हणाली, "मी म्हनत होते, एक बस झाला."

नंदिनीताई हसत सुटल्या. टिपणिसांना आधी राग आला, मग तो टिकेना. "शोधलंत तुम्हीच," ते म्हणाले. "गाड्या तुमच्याकडेच. पण हार एक."

पुढच्या दसऱ्याला नामा सवयीनं वाशीच्या रस्त्यानं गेला आणि स्कूटर थांबवून उभाच राहिला. विपुलच्या पाटीखाली नवी छोटी पाटी लागली होती : 'काचेखाली झेंडू घालू नये. गाडीत पाणी शिरते.'

"गोजरे," तो घरी येऊन म्हणाला, "चूक माझी, शोध माझा, आनि पाटी त्याची!"

संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या शेडला आयुष्यातली पहिली पाटी लागली. रंग अजून ओला होता. 'झेंडूची गळती प्रथम इथे सापडली.' अक्षरं विपुलच्या अक्षरांपेक्षा चार बोटं मोठी. वाशीला पुन्हा जाऊन मोजून आला होता.

टिपणिसांच्या गाडीला त्यानं एकच हार घातला. पाटीला तीन.