मतलई वाऱ्यावर एक सकाळ

मला बसवत नाही. वीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर धावपळ करतोय, आणि आता बोरिवलीच्या घरी टीव्हीसमोर दहा मिनिटंही धड जात नाहीत. सेहेचाळिसाव्या वर्षी विंगफॉइल शिकायला मनोरीच्या किनाऱ्यावर जाऊ लागलो, त्याचं कारण एवढंच. हातात हवा भरलेला पंख, पायाखाली बोर्ड, बोर्डाच्या तळाला उभा दांडा आणि त्याच्या टोकाला धातूची पाती. वेग आला की बोर्ड पाण्यावरून वर उचलला जातो, असं सांगतात. चार धड्यांत माझा एकदाही उचलला नव्हता.

शिकवणारा मनोरीचाच, कोळ्याच्या घरातला, माझ्याहून बराच लहान. पडायचं तर पात्यापासून लांब पडा, हेल्मेट काढू नका, मी किनाऱ्यावर नसेन तर पाण्यात पाय घालू नका, हे तो दर वेळी सांगे. मी मान हलवत असे.

पाचव्या दिवशी त्याला उशीर झाला. फोनवर म्हणाला, "अर्धा तास सर. तोवर पंखात हवा भरून ठेवा." डिसेंबरची सकाळ, आठ वाजलेले, वाऱ्याला नेहमीपेक्षा जोर. हवा दहा मिनिटांत भरून झाली. उरलेली वीस मिनिटं मला काढता आली नाहीत.

वारा पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. दिवसा खारे वारे, रात्री मतलई, हे शाळेत पाठ केलं होतं. आठ वाजता दिवसच असतो, तेव्हा हा वारा लवकरच फिरणार असं मी धरून चाललो. हिवाळ्यात मतलई दहा-अकरापर्यंत वाहत राहतो, हे किनाऱ्यावर कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. शिवाय ओहोटी चालू होती, पाणीही आत ओढत होतं.

पाण्यात उतरलो. थोड्याच वेळात बोर्ड उचलला गेला. तीन-चार सेकंद पायाखालचा पाण्याचा आवाज बंद झाला. मग पडलो. वर आलो तेव्हा किनारा इतका मागे गेला होता की वाळूत ठेवलेली माझी पिशवी दिसेना.

परत फिरायचा प्रयत्न सात-आठ वेळा केला. दर वेळी पडलो आणि आणखी आत गेलो. शेवटी पंख हातातून सोडला. तो कमरेच्या दोरीला अडकून मागे फडफडत राहिला. बोर्डावर पालथा पडून हातांनी पाणी मारलं. माडांची रांग लहानच होत गेली.

तेव्हा पोहत जावं असं वाटलं. बोर्डाची दोरी घोट्याला पट्ट्याने बांधलेली होती. पट्टा अर्धा उघडला. किनारा समोर दिसत होता आणि नुसतं पडून राहणं सहन होत नव्हतं. "लांबून बोर्ड दिसतो सर, डोकं दिसत नाही," असं शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला होता. पट्टा बसवला. पुन्हा उघडला. पुन्हा बसवला, आणि हात मोकळे राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी बोर्डाला घट्ट मिठी मारली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. इंजिनाचा आवाज आला. होडीत साठीचा एक कोळी, एकटाच.

"काय रे, मस्कतला निघालास काय?"

त्याने आधी पंख ओढून घेतला, मग बोर्ड, मग मला. फोन लावला. "तुझा विद्यार्थी गावला."

पलीकडून शिकवणाऱ्याचा आवाज मलाही ऐकू आला. "बोर्ड सोडलेला?"

"नाय रे. घोरपडीसारखा चिकटलेला."

"आणा ना काका लवकर."

"आणतो. आधी जाळं. पाणी थांबायला आलंय."

त्याचं जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं होतं. ओहोटी संपून भरती लागण्याआधी प्रवाह थोडा वेळ थांबतो, तेवढ्यातच ते वर घेता येतं.

"काका, मला दुपारी ऑफिसला..."

"बस गुपचूप. तुझ्यापायी मासळी घालवू काय?"

मी बसलो. थंडीने पाय थडथड उडत होते. त्याने जाळं ओढून त्याचं तोंड होडीत मोकळं केलं.

"पाय हलवू नको. बोंबील चिरडतील."

बोंबील घोट्यांच्या वर आले. मी पाय हलवले नाहीत.