हौसेराव खात्री करायला गेले

हौसेराव तसा माणूस वाईट नाही. पण विश्वास नावाची गोष्ट त्यांना जन्मतः मिळालीच नसावी. सातारच्या मुलखातून येऊन वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या, पुढे टोळीचे मुकादम झाले, आणि एवढ्या वर्षांत एकच शिकले : वर निवडक माल दिसला की गोणी पालथी करायची. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाला हसून बोलला तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. माथाडी वसाहतीत मात्र याच स्वभावाला मान होता. हौसेरावांनी एखाद्या गोष्टीला बरं म्हटलं, म्हणजे ती बरी असणारच. हा मान त्यांना पेन्शनपेक्षा प्यारा होता.

अशात बातमी आली, की वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर महापालिका सांडपाणी शुद्ध करायचा नवा प्रकल्प आणणार. पलीकडे चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते आणि एवढ्या संडासांचं पाणी जुन्या प्रकल्पाला झेपेना. जादाचं सगळं मागच्या नाल्यात उतरायचं. हौसेरावांची बायको बाळाबाई स्वयंपाकघराची खिडकी कधी उघडायची नाही. उघडली की पोळीलाही वास लागल्यासारखा वाटायचा. पण नाला परवडला, कारखाना नको, असं वसाहतीचं मत पडलं. शहराची घाण आमच्याच उशाला का?

महापालिकेने लोकांना बसमध्ये घालून शहराच्या दुसऱ्या भागातला चालू प्रकल्प दाखवायला नेलं. मंजुषा नावाची तरुण इंजिनियर सगळं समजावत होती. मोठमोठ्या टाक्यांत तपकिरी पाणी खदखदत होतं, आणि शेवटच्या टाकीतून स्वच्छ पाणी बाहेर पडून बागेला चाललं होतं. वास म्हणावा तर नाही. लोक वडापाव खात माना डोलवत होते. हौसेराव मात्र वाटेच्या कडेला वाकले, दगडाला बोट लावलं आणि शेजारच्या दत्तूला दाखवलं. बोटाला ओला चुना लागला होता.

"पावनं येनार म्हनून घर सारवलंय," ते म्हणाले. "कुटंतरी पानी मुरतंय दत्तू. वास न्हाय म्हंजी काय? मिशिनी बंद ठेवून आपल्याला फिरवत्यात."

दत्तू टेम्पो चालवायचा आणि हौसेरावांचा शब्द झेलायचा. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर झाली. मंदिरात बैठक भरली आणि लोकांचं म्हणणं ऐकायला महापालिका घेणार होती त्या सुनावणीत वसाहतीतर्फे हौसेरावांनीच बोलायचं ठरलं. "मॅडमला गोनी पालथी करून दावा," दत्तू म्हणाला, आणि सगळे हसले.

आता बोलायचं तर पुरावा हवा. म्हणून हौसेराव एके दुपारी एकटेच बस पकडून निघाले. कोणाला सांगितलं नाही, बाळाबाईलाही नाही. बातमी फुटली तर पुन्हा चुना फासतील, हा हिशेब. भर उन्हात, वारा अंगावर येईल अशा बाजूने ते प्रकल्पाच्या भिंतीला लागून चालत राहिले. वास नव्हता. समोरच्या इमारतीत लोकांनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, गॅलरीत कपडे वाळत होते. त्यांना राग आला. ते रविवारी गेले, मग पाऊस पडून गेल्यावर गेले. त्या दिवशी मंजुषाच फाटकात भेटली. तिने ओळखलं आणि आत नेलं. जिथे कचरा गाळून काढतात तिथे नाकाला रुमाल लावावा लागला, एवढं खरं. पण पन्नास पावलं मागे आले तर काही नाही. यंत्रं घरघरत होती. तिने चहा मागवला, त्यांनी घेतला. परतताना हौसेराव अगदी खट्टू झाले होते. चोर पकडायला जावं आणि चोरच नसावा, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

सुनावणीला हॉल भरला होता. हौसेराव उठले आणि टाळ्या पडल्या.

"मी तीनदा जाऊन आलो," ते म्हणाले. "कुनाला न सांगता, घरीबी न्हाय. आत घान काडत्यात तितं वास हाय, भाईर न्हाय. आपल्या नाल्यापरास लाख पटीनं बरं. माझं म्हननं, होऊ द्या."

टाळ्या थांबल्या. मग मागून दत्तूचा आवाज आला, अगदी साधा. "हौसेराव, मॅडमचा च्या कसा हुता?"

हॉलभर खसखस पिकली. पावसानंतरच्या त्या दिवशी दत्तूचा टेम्पो प्रकल्पाच्याच रस्त्याने गेला होता आणि फाटकातून त्याने दोघांना चहा घेताना पाहिलं होतं. तीनदा गेले, बायकोलासुद्धा न सांगता गेले, आत बसून चहा प्याले आणि येऊन पलटले. लोकांनी सरळ हिशेब मांडला. हौसेराव सांगत राहिले, दगडाचं, वाऱ्याचं, वाळत्या कपड्यांचं. पण जितकं जास्त सांगावं तितके लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसरा माणूस उभा राहिला आणि वसाहतीचा विरोध आहे म्हणून सांगून मोकळा झाला.

घरी येईपर्यंत रस्त्यात कोणी हाक मारली नाही. ज्या ओट्यावर ते बसले की पोरं उठून जागा द्यायची, तिथली पोरं मोबाइलमध्ये बघत राहिली. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

बाळाबाईने ताट वाढलं. गेल्या महिन्यात ते बाहेर कुठे जातात हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.  जेवण झाल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि ती जवळ येऊन बसली.

"आवो," ती हळूच म्हणाली, "काय घेतलं आसंल तर परत देऊन या. मी न्हाय कुनाला सांगायची."

तिच्या आवाजात राग नव्हता, माया होती.  आपण काहीच घेतलं नाही, हे हिला कशाने दाखवावं, ते हौसेरावांना सुचेना.