गुरप्पांच्या खात्याला ओळख

बोलायचे मराठीत, बेरीज करायचे कानडीत. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

रंगाची पूड पारखताना चिमूटभर ओल्या बोटावर घ्यायचे, नखावर ओढायचे आणि नख उन्हात धरायचे. मग खांद्यावरच्या फडक्याला बोट पुसायचे. धोतराला कधीच नाही.

चहा आला की आधी समोरच्याच्या बशीत.

कुणी "कसं काय?" विचारलं की "शिवाची कृपा" म्हणायचे, आणि लगेच खरं काय ते सांगायचे.

बँकेच्या पायरीवर चपला काढायचे. शिपाई हसायचा. तरी काढायचे.

गुरप्पा गेल्या शनिवारी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी समोरच राहतो. मला अजून नीट कळलेलं नाही. काल संध्याकाळी सवयीनं पेपर घेऊन त्यांच्या दाराशी गेलो आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग त्यांच्या बायकोनं, महानंदाकाकूंनी, माझ्याकडे पाहिलं.

माझ्यापेक्षा ते तीस वर्षांनी मोठे होते. तरी आमची मैत्री होती, दुसरा शब्द मला सापडत नाही. मी मराठी घेऊन पदवीधर झालो म्हणून ते मला नावानं हाक मारत नसत. "काय बीए, आज काय वाचलं?" एवढं विचारून स्वतःच बोलायला लागत.

साखर पेठेत त्यांचं सूत रंगवायच्या रंगांचं दुकान होतं. मागवाले रंग उधारीवर न्यायचे आणि चादरी विकल्या की पैसे द्यायचे. दुष्काळात चादरी विकल्या गेल्या नाहीत. मागवाल्यांनी गुरप्पांचे पैसे थकवले, गुरप्पांनी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांचे. पेठेतल्या सहकारी बँकेचं कर्ज होतं, तेही थकलं. शिवाय शेजारच्या बायकांच्या ठेवी होत्या. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. साठवलेले चार पैसे ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायचे. पावती कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

गुरप्पा गाव सोडून गेले नाहीत. स्वतःच कोर्टात गेले आणि नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज केला. पावती नसलेल्या ठेवीही त्यांनी आपण होऊन देण्यांत लिहायला लावल्या. वकील म्हणाले, याची गरज नाही. गुरप्पा म्हणाले, "तुम्हाला नसंल."

शेवटी कोर्टानं तडजोड मान्य केली. दुकानातला माल विकायचा. राहिलेल्या देण्यात रुपयाला दहा आणे द्यायचे, तेही दर तिमाहीला कोर्टात भरून. राहतं घर वाचलं. पण हप्ता चुकला तर तडजोड मोडणार, नादारीचा हुकूम पुन्हा लागू होणार आणि घर लिलावात निघणार. हे सगळं १९७४ सालच्या उन्हाळ्यातलं.

मुंबईच्या एका नव्या रंग कंपनीनं त्यांना दलालीवर घेतलं. दलालीचा चेक यायचा, त्यावर दोन आडव्या रेघा. असा चेक खात्यात भरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. गुरप्पांचं खातं होतं ते त्या सहकारी बँकेतच. बँकेच्या स्थापनेपासून ते तिचे सभासद होते. पहिला चेक त्यांनी तिथेच भरला. मी त्यांच्याबरोबर होतो. दुसरी बँक हा विचार त्यांच्या डोक्यातच आला नाही.

आठवड्यानं पैसे काढायला गेले तर खातं रिकामं. सगळी रक्कम जुन्या कर्जात वळती झाली होती.

वकील चिडले. "गुरप्पा, ज्याचं देणं आहे त्याच्याच घरात पैसे ठेवायला गेलात?"

"आपली बँक हाय."

"म्हणूनच सांगतो. आपण भांडू, जिंकूही कदाचित. पण तोवर हप्त्याची तारीख निघून जाईल. आधी दुसरीकडे खातं काढा. जिथं तुमचं एक पैसाही देणं नाही, तिथं."

महानंदाकाकूंनी गळ्यातली बोरमाळ दिली आणि तो हप्ता भरला गेला. पुढच्या हप्त्याला मोडायला घरात काही नव्हतं.

मग रोज संध्याकाळी आमची त्यावर चर्चा. शहरातली दुसरी सहकारी बँक? तिचे अध्यक्ष सुताचे व्यापारी, त्यांचंही देणं होतं. पोस्ट? बाहेरगावचा चेक तिथं वटायला किती दिवस लागतील, कुणी सांगेना. नवी पेठेत एका सरकारी बँकेची शाखा नुकतीच उघडली होती. स्वच्छ फरशी, पंखे. तिथं गुरप्पांचं कसलंच देणं नव्हतं.

आम्ही गेलो. कारकुनानं अर्ज दिला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं ओळख देणाऱ्याची सही. आमचाच खातेदार पाहिजे."

बाहेर आल्यावर गुरप्पा बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले.

"बघा बीए. जिथं मला ओळखत्यात तिथं देणं हाय. जिथं देणं न्हाय तिथं वळखणारा कोण?"

एक होता. त्यांचे साडू सिद्धलिंगप्पा. त्यांचं या नव्या बँकेत खातं होतं. आम्ही घरी गेलो. चहा झाला, शेंगाची पोळी झाली. गुरप्पांनी विषय काढला तसे सिद्धलिंगप्पा मागे सरकले.

"न्हाय बाबा. एकदा मेव्हण्याला जामीन राहिलो, बैल विकावं लागलं."

"जामीन न्हाय रे. नुसती वळख."

"नुसती म्हनूनच तवा बी सही घेतली होती."

मी समजावायला गेलो. ओळख म्हणजे हा माणूस हाच, एवढंच सांगणं. पैशाची जबाबदारी नाही. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुमी शिकलेलं. तुमचं खातं हाय का तितं?"

माझं कुठंच नव्हतं.

अजून दोघांकडे गेलो. एकाच्या डोक्यात जामीनच बसलेला. दुसरा घरात असून बाहेर आला नाही. हप्त्याची तारीख जवळ येत चालली. नवा चेक गुरप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. घामानं ओला होऊ नये म्हणून त्यांनी तो पानाच्या पुडीच्या मेणकागदात गुंडाळला होता.

सुंदरम्मा कडक भाकरी करून विकायची. विधवा बाई, चार बायका हाताखाली. तिचे बरेच पैसे गुरप्पांकडे ठेव होते, म्हणजे बुडालेल्यांत ती होती. ती महानंदाकाकूंकडे भाकरी द्यायला आली तेव्हा काकूंच्या तोंडून सगळं निघून गेलं. गुरप्पा आत होते. सुंदरम्मा दारातूनच ओरडली.

"काय सावकार! गावभर सही मागत फिरलाव म्हनं. माझ्याकडं यायला पाय दुकत हुते?"

गुरप्पा बाहेर आले. मान खाली. "अक्का, तुज्याकडं कंच्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं पैसे घेतलं त्याच की. माझं खातं हाय तितं. तुमी बुडलाव तवाच काढलं."

मी हसलो. गुरप्पाही हसले, फार दिवसांनी.

"अक्का, उद्या कायतरी झालं तर..."

"काय व्हायचं राह्यलंय? तुमचं खातं न्हाय निघालं तर हप्ता कुटनं भरणार? आन् हप्ता न्हाय तर माझं दहा आणं तरी कुटनं येणार? चला उटा. भाकऱ्या थंड झाल्या तरी चालत्यात माझ्या."

बँकेत साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. गुरप्पांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, कोर्टाची तडजोड आहे, अमुक देणं आहे, सगळं. कोर्टाच्या हुकुमाची नक्कल पुढे ठेवली. साहेब पुण्याकडचे, तरुण. ते वाचत राहिले.

"कर्ज मागणार का?"

"न्हाय. पैसे ठेवायला आन् काढायला जागा पायजे. बास."

"चेकबुक देता येणार नाही."

"नको."

साहेब सुंदरम्माकडे वळले. "तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"लगीन होऊन हितं आले तवापासनं."

"व्यवहाराला कसे आहेत?"

"माझं पैसं बुडवल्यात की."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कारकून मान वर करून बघायला लागला. गुरप्पांनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, संपलं.

"बाई, बुडवलेत आणि तुम्हीच ओळख देताय?"

"मग कुनी द्यायची? ज्यानं माझं घेतलंय त्याला मी इसरंन व्हय? पैसं बुडवनारा गल्ली बदलतो साहेब. हे रोज माझ्याच दारावरनं जात्यात. म्या शिव्या देते. ते हुबं राहून ऐकत्यात. दुसऱ्या दिशी परत त्याच वाटंनं. अजून काय वळख पायजे?"

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी अर्ज तिच्याकडे सरकवला. तिनं कानडीत सही केली, एकेक अक्षर थांबून. कारकुनानं ती तिच्या खात्यावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळली.

चेक वटला. हप्ता तारखेच्या आत भरला गेला, त्यानंतरचेही. गेल्या दिवाळीत शेवटचा हप्ता गेला आणि कोर्टात प्रकरण बंद झालं. घर आहे तिथं आहे. सहकारी बँकेशी भांडायचं राहून गेलं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. सभासदांच्या सभेला मात्र ते दर वर्षी जाऊन मागच्या रांगेत बसायचे.

नव्या बँकेत त्यांनी एक काम अंगावर घेतलं. कुणाला खातं काढायचं असलं आणि ओळख द्यायला कुणी नसलं तर गुरप्पा जायचे. मागवाले, रंगारी, एक केळीवाली. पण आधी माणूस पाहून घ्यायचे. त्याच्या घरी जायचे, पाणी प्यायचे, शेजाऱ्याशी बोलायचे. "न वळखता वळख दिली तर सुंदराक्काची सही खोटी पडंल," म्हणायचे.

गेल्या महिन्यात येडू आला. सुताच्या गाठी वाहणारा हमाल. मजुरीचे पैसे तो ठेकेदाराकडेच ठेवायचा आणि मागायला गेला की हिशेब ऐकून परत यायचा. गुरप्पा दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. दुसऱ्यांदा जेवूनही आले. "मानूस बरा हाय. बायको त्याच्यापेक्षा बरी हाय," मला सांगितलं. येडूचा अर्ज मी भरला. सोमवारी बँकेत जायचं ठरलं.

शनिवारी गुरप्पा गेले.

सोमवारी सकाळी येडू धुतलेला सदरा घालून दाराशी आला. बातमी त्याला कळली होती. अंत्यविधीला तो होता. "ठरलं हुतं म्हनून आलो," म्हणाला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मग तो कामावर गेला.

अर्ज माझ्याकडे आहे. नाव, वय, पत्ता, येडूचा अंगठा, सगळं झालंय. ओळख देणाऱ्याची सही राहिली आहे.