जुन्या पिकअपचा शेवटचा हार

आमची डिझेल पिकअप चढाला गुरगुरायची फार आणि पळायची कमी. रिक्षावालेसुद्धा हॉर्न मारून पुढे निघून जायचे. पण नव्वदच्या दशकात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच घेतली तेव्हापासून तिने आमची मेथी-कोथिंबीर एकदाही वाटेत सडू दिली नाही. थंडीत मात्र तिचं इंजिन लवकर उठायचं नाही. म्हणून हिवाळ्यात आई रोज निजायच्या आधी बॉनेटवर गोधडी टाकायची. आमच्या वाटणीची गोधडी गाडीला, असं मी चिडवायचे. तुम्ही उशिरा उठलात तरी बाजार चुकत नाही, ती उठली नाही तर चुकतो, असं आईचं उत्तर असायचं.

पुढे पुढे इंजिनचं काम कितीदा केलं तरी काळा धूर थांबेना. माझा भाऊ वैतागला. नवी गाडी ठरली, आणि जुनी न्यायला सिन्नरचा एक शेतकरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. दादा एवढंच म्हणाले, की जाण्याआधी तिला आपल्या मळ्यातल्या झेंडूचा हार पडला पाहिजे.

दसऱ्याला नाशिकभर गाड्यांना हार पडतात, आणि तो झेंडू पिकवणाऱ्यांना त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. आमच्या गाडीची पूजा नेहमी बाजार उरकल्यावर, उरल्यासुरल्या फुलांनी. त्या वर्षी अशी झुंबड उडाली की आम्ही विकतच राहिलो. दुपारी पाहिलं तर पाट्यांत नुसता पाला. मळाही पहाटेच खुडून रिकामा केला होता.

दादांनी एकेक पाटी उलटी करून झटकली. त्यांचा चेहरा इतका पडला, की मला चिडवायचं सुचलं नाही. मग ते तडक समोरच्या हारवाल्या बाईंकडे गेले. सकाळी त्यांनी आमच्याकडूनच फुलं नेली होती, आणि आता एकच हार उरला होता. जन्मात कधी फूल विकत न घेतलेल्या माणसाने त्या म्हणतील तो भाव निमूट दिला.

"आपलीच हायेत," गाडीला हार घालताना ते म्हणाले. "मी वळखली."

दुसऱ्या दिवशी शेतकरी आला. गाडी एका चावीत सुरू झाली, आणि मला तिचा रागच आला. थोडी तरी कुरकुर करायची. दादा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आई घरात गेली आणि गोधडी घेऊन आली.

"भाऊ, थंडी सोसत नाय तिला," ती त्या माणसाला म्हणाली. "रातची टाकत जा अंगावर."

त्याने गोधडी घेतली आणि शेजारच्या सीटवर नीट ठेवली.