दोन कमलबाई

हे मी घरातसुद्धा बोललो नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की रफीकचं नाव निघालं की मी चिडतो. कोणावर चिडतो — ते तिनं कधी विचारलं नाही.

परळीत मी सॉफ्टवेअर बनवून देतो. शिकलो कुठं? मोबाईलवर व्हिडिओ बघून. दुकानांची बिलं करता करता एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मिळालं — आणि एकानंही विचारलं नाही, तुला हे येतं का बे? घरात मीटर बसवायला परवान्याचा वायरमन लागतो. कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट कुणाच्या हाती पडणार, हे ठरवायला मात्र — माझ्यासारखा कुणीही चालला!

रिपोर्ट मी पेशंटच्या नंबरावर नाही, नावावर जोडले. सोपं पडलं. एकाच नावाचे दोघं आले तर घोळ होईल, हे कळत नव्हतं का? कळत होतं. नंतर बघू म्हटलं.

मग एका सकाळी दोन कमलबाई आल्या. आडनावही एकच. घाटनांदूरच्या कमलबाईंना शुगर नव्हतीच. हातात पडला दुसरीचा रिपोर्ट, शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या, साखर नको तेवढी उतरली. भाकरी करता करता चक्कर येऊन त्या चुलीवर पडल्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

लॅबच्या डॉक्टरांनी मला आणि रफीकला समोर उभं केलं. रफीक लॅबचा टेक्निशियन — रीतसर शिकलेला, सरकारी नोंदणी असलेला.

"साहेब, मी नाव-नंबर दोन्ही बघितलं व्हतं," तो म्हणाला. "कसं बदललं, मलाच कळंना."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुझ्या सॉफ्टवेअरमधी काही हाय का?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "भरतानाच चुकलं आसंल."

एवढंच. त्याच दुपारी मी गुपचूप कोड दुरुस्त केला. तपासणार कोण होतं? रफीकची चौकशी झाली, नोकरी गेली, नोंदणीही गेली. त्याच्याकडं काढून घेण्यासारखं काहीतरी होतं. माझ्याकडं काय होतं?

आमच्या धंद्याला परीक्षा कशाला, परवाना कशाला, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण बोलू कोणत्या तोंडानं?

रफीक आता वीज केंद्रातल्या राखेचा टेम्पो चालवतो. परवा रस्त्यात भेटला, हात धरून हॉटेलात घेऊन गेला. "भाऊ, त्या दिवशी माझंच ध्यान नव्हतं," तो म्हणाला. "त्या बाईचा हात अजून सपनात येतो."

मी त्याच्यासमोर बसून, त्यानं पाजलेला चहा संपवला.