महेंद्रचा ताप

संगमेश्वरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी एकेका घरी वंदना आणि ग्रंथवाचन होतं. दोन्हींना पुढे महेंद्र. शाळेत असताना मी धडा त्यालाच वाचायला लावायचो, असा त्याचा आवाज. मुंबईतला छापखाना बंद पडला आणि चाळिशीत तो आई कमलाताईंकडे परतला. भेटेल तो विचारायचा, "काय, लागलं का काम कुठं?" मीही विचारायचो. पुढे तो वाटेवर दिसेनासा झाला. घरात बसून मोबाईलवर लढाईचा खेळ खेळतो, असं कानावर आलं. वाचनाला मात्र यायचा. वाडीत त्याची तेवढीच जागा उरली होती.

एके दिवशी गंगुबाईंकडे पाळी होती. सहाला ग्रुपवर त्याचा निरोप आला : 'अंगात ताप आहे. आज जमणार नाही.'

"मंग आपणच जाऊया त्याच्याकडं," गंगुबाई म्हणाल्या. त्यांनी कुळथाच्या पिठीचं पातेलं घेतलं आणि आम्ही पंधरा-वीस माणसं निघालो.

महेंद्र कानात हेडफोन घालून ओरडत होता, "मागून ये, मागून!" आम्हांला पाहताच फोन उशीखाली गेला, चादर गळ्यापर्यंत आली. कमलाताईंनी चटया अंथरल्या. गंगुबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. "घाम आलाय. उतरतोय वाटतं."

दिवा लागला. वंदनेतली पाच शीलं तो सांगतो, आम्ही मागून म्हणतो. पडल्यापडल्याच त्याने तीन सांगितली. चौथं, खोटं न बोलण्याचं. तिथे तो थांबला. आम्हांला वाटलं, धाप लागली.

"ताप नाय," तो चादरीकडे बघत म्हणाला. "खेळत होतो. रोज खेळतो. तिथं काम लागलं का म्हणून कोण विचारत नाय. फोन ठेवला की आधीपेक्षा वाईट वाटतं, म्हणून परत घेतो."

माझी मान खाली गेली. तो प्रश्न मी किती वेळा विचारला होता.

"मंग ही पिठी परत नेऊ काय?" गंगुबाई म्हणाल्या. दोघंतिघं हसली. महेंद्र हसला नाही.

"गुरुजी, पुढचं तुम्ही सांगा."

मी काही म्हणायच्या आत कमलाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तूच सांग. माणसं थांबलीत."

चादर सारून तो उठून बसला, हात जोडले. चौथं शील त्याने इतकं हळू सांगितलं की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. तरी सगळ्यांनी ते म्हटलं.